तीन टप्प्यांचा धनादेश : विजेरी गाडीच्या अंतरंगातील एका सरकारी योजनेचा इतिहास

१/ विजेवर चालणाऱ्या गाडीचा पत्रा काढून आत पाहिले, तर तिचे सारे आयुष्य तीन गोष्टींवर बेतलेले दिसते. वीज साठवणारी बॅटरी, त्या विजेला मोटरच्या उपयोगाचे रूप देणारा इन्व्हर्टर, आणि एका सेलमध्ये भडकलेली आग शेजारच्या सेलपर्यंत पोहोचू न देणारा उष्णतारोधक थर. तिन्हींचे विज्ञान वेगळे, संशोधक वेगळे, काळही वेगळा. तरीही तिन्हींच्या अमेरिकी इतिहासात एका सरकारी योजनेचे नाव हटकून येते.

२/ तिचे नाव 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च', संक्षेपाने एसबीआयआर. अजून बाजारात न आलेल्या, कदाचित कधीच न येणाऱ्या कल्पनेची कसोटी पाहण्यासाठी लहान कंपन्यांना सरकारी पैसा देणारी ही योजना. हा धागा तिच्या जन्माचा, तिच्या आधाराने वाढलेल्या तीन कंपन्यांचा आणि त्या तिन्ही कंपन्या पुढे जेथे अडखळल्या त्या एकाच उंबरठ्याचा आहे.

३/ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकार संशोधनावर अफाट खर्च करू लागले. १९४५ मध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी मूलभूत विज्ञानाला सरकारी आश्रय देण्याची शिफारस केली आणि १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झाले. मात्र हा पैसा ठरलेल्या तीन वाटांनीच जात असे : विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि संरक्षण क्षेत्रातील मोठ्या कंपन्या. वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीला या दरबारात प्रवेश जवळजवळ नव्हताच.

४/ १९७० च्या दशकात हे चित्र खुपू लागले. १९७३ चा तेलसंकटाचा धक्का, जपानी उद्योगांची मुसंडी आणि मंदावलेली अर्थव्यवस्था यांमुळे 'एवढ्या संशोधनातून वस्तू किती निर्माण झाल्या?' हा प्रश्न काँग्रेसमध्ये विचारला जाऊ लागला. लहान कंपन्यांना वाटा मिळावा म्हणून सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनवर दबाव आणला. त्या दबावाला योजनेचा आकार दिला तो तेथील एका अधिकाऱ्याने. त्यांचे नाव रोलंड टिबेट्स.

५/ टिबेट्स सरकारी नोकरीत येण्यापूर्वी लहान तांत्रिक कंपन्यांत काम केलेले गृहस्थ होते. नव्या कल्पनेला पैसा नेमका कधी मिळत नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. वस्तू विकली जाऊ लागली की बँक दार उघडते. नमुना चालू लागला की गुंतवणूकदार चौकशी करतो. पण 'हे मुळात होऊ शकते का?' या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोणीच पैसे देत नाही, कारण बहुतेक वेळा ते उत्तर 'नाही' असे येते.

६/ १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या योजनेचे तीन टप्पे होते. पहिला टप्पा छोट्या रकमेचा आणि थोड्या महिन्यांचा; कल्पना शक्य आहे की नाही, एवढेच त्यात पाहायचे. त्यात उतरलेल्यांपैकी निवडकांना दुसऱ्या टप्प्यात मोठी रक्कम मिळे आणि प्रत्यक्ष नमुना घडे. तिसऱ्या टप्प्यात योजनेचा पैसा शून्य. तेथून पुढे बाजाराने किंवा सरकारी खरेदीने कंपनीला उचलायचे. थोडक्यात, अपयश स्वस्तात यावे आणि लवकर यावे, अशी ही रचना होती.

७/ ही योजना एका संस्थेपुरती राहिली असती. पण १९७९ मध्ये एमआयटीचे डेव्हिड बर्च यांनी नव्या रोजगारात लहान कंपन्यांचा वाटा फार मोठा असल्याचा निष्कर्ष मांडला. जानेवारी १९८० मध्ये व्हाइट हाउसने लघुउद्योगांची परिषद भरवली. न्यू हॅम्पशायरचे रिपब्लिकन सिनेटर वॉरन रडमन यांनी विधेयक पुढे नेले. मोठ्या विद्यापीठांनी आणि अनेक सरकारी खात्यांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते : हा पैसा आमच्याच ताटातून जाणार.

८/ ते खरेही होते. २२ जुलै १९८२ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने तिजोरीतून नवा पैसा काढलाच नाही. ज्या खात्यांचा बाहेरच्या संस्थांकरवी होणारा संशोधनखर्च १० कोटी डॉलरहून अधिक आहे, त्यांनी त्यातील ठरावीक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवायचा, एवढाच दंडक घातला. आरंभी हा हिस्सा ०.२ टक्के होता, तो काही वर्षांत १.२५ टक्क्यांवर न्यायचा होता. सरकारचा पसारा आवरण्याच्या आश्वासनावर निवडून आलेल्या अध्यक्षाने सरकारी पैशाची ही नवी वाट खुली करावी, हा त्या काळाचा एक विरोधाभास.

९/ अटी थोड्या पण महत्त्वाच्या होत्या. कंपनीत ५०० पेक्षा जास्त माणसे नसावीत. सरकार कंपनीत भागीदारी मागणार नाही. पैसा परत करायचा नाही. शोधाचे हक्क सामान्यतः कंपनीकडेच राहतील. पुढे १९९२ च्या कायद्याने पहिल्या टप्प्याची मर्यादा १ लाख आणि दुसऱ्या टप्प्याची ७.५ लाख डॉलर झाली. राखीव हिस्सा १९९७ पर्यंत २.५ टक्के आणि २०१७ पर्यंत ३.२ टक्क्यांवर गेला. पुढे वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलर या मार्गाने जाऊ लागले.

१०/ वीज आणि उष्णता या क्षेत्रांना योजनेचा विशेष उपयोग का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. संगणकाचा कार्यक्रम एखाद्या खोलीत बसून लिहिता येतो. नवा पदार्थ घडवायला भट्ट्या लागतात, वायू लागतात, वर्षे लागतात. शंभर प्रयोग फुकट जातात. खासगी गुंतवणूकदाराला एवढा धीर नसतो. सरकारला मात्र गरज होती. पाणबुडी, लढाऊ विमान, उपग्रह या प्रत्येकाला कमी जागेत जास्त वीज हवी असते, आणि जेथे वीज आहे तेथे उष्णता आलीच.

११/ अवकाशात तर प्रश्न आणखी बिकट. तेथे हवा नसल्याने पंखा लावून यंत्र थंड करता येत नाही. उष्णता केवळ प्रारणाच्या रूपात बाहेर टाकावी लागते. म्हणून संरक्षण खाते, नासा आणि ऊर्जा खाते यांच्या एसबीआयआर विषयसूचीत 'विजेचे रूपांतर' आणि 'उष्णतेचे व्यवस्थापन' ही शीर्षके वर्षानुवर्षे येत राहिली. पहिली कथा याच गरजेतून सुरू होते. तिचा नायक आहे सिलिकॉन कार्बाइड.

१२/ सिलिकॉन कार्बाइड हा पदार्थ तसा जुना. १८९१ मध्ये एडवर्ड अॅचेसन कृत्रिम हिरा बनवू पाहत असता तो हाती लागला आणि घासकामासाठी जगभर विकला गेला. अर्धवाहक म्हणून त्याचे गुण नंतर उमगले. तो सिलिकॉनच्या सुमारे दहापट तीव्र विद्युतक्षेत्र सोसतो आणि सुमारे तिप्पट वेगाने उष्णता वाहून नेतो. म्हणजे त्याच्यापासून केलेला स्विच लहान असतो, वीज कमी वाया घालवतो आणि त्याला थंड ठेवण्याचा खटाटोपही कमी लागतो.

१३/ या गुणांचे गणित मांडणाऱ्यांत एक भारतीय नाव ठळक आहे : बी. जयंत बालिगा. मद्रासच्या आयआयटीत शिकलेले बालिगा जनरल इलेक्ट्रिकमध्ये संशोधन करीत. आजही असंख्य यंत्रांत वीज हाताळणारा 'आयजीबीटी' हा स्विच त्यांच्याच कामातून आला. १९८२ मध्ये, म्हणजे एसबीआयआरच्या कायद्याच्याच वर्षी, त्यांनी वेगवेगळे अर्धवाहक विजेच्या कामासाठी तोलण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. त्या तराजूत सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉनपेक्षा कितीतरी सरस ठरत होते.

१४/ अडचण एवढीच की त्याचे शुद्ध स्फटिक बनत नव्हते. हा पदार्थ साध्या दाबाखाली वितळत नाही. २,००० अंश सेल्सिअसच्या वर त्याची थेट वाफ होते. लेनिनग्राडच्या तैरोव आणि त्स्वेत्कोव यांनी १९७८ मध्ये बीजस्फटिकावर ती वाफ जमवण्याची पद्धत दाखवली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत रॉबर्ट डेव्हिस यांच्या गटाने नौदलाच्या संशोधन कार्यालयाच्या पैशावर हे काम चालवले. त्याच विद्यापीठातून १९८७ मध्ये 'क्री रिसर्च' ही छोटी कंपनी निघाली.

१५/ नील आणि एरिक हंटर हे बंधू, कॅल्विन कार्टर, जॉन एडमंड, जॉन पामोर आदींनी काढलेल्या या कंपनीने १९८९ मध्ये निळा एलईडी विक्रीला आणला. तो फारच मंद होता. केवळ त्यावर कंपनी जगली नसती. आरंभीच्या वर्षांत तिला तगवले ते संरक्षण संस्थांच्या कंत्राटांनी आणि एसबीआयआरच्या अनुदानांनी. स्फटिकातील सूक्ष्म छिद्रे कमी करण्याचे चिवट काम या पैशावर चालत राहिले. कंपनीने सिलिकॉन कार्बाइडचा मॉस्फेट स्विच बाजारात आणला तो २०११ मध्ये. स्थापनेपासून २४ वर्षांनी.

१६/ पुढे टेस्लाच्या 'मॉडेल ३' गाडीच्या इन्व्हर्टरमध्ये सिलिकॉन कार्बाइड आले. ते स्विच एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचे होते, आणि त्या कंपनीने २०१९ मध्ये चकत्यांच्या पुरवठ्यासाठी क्रीशी २५ कोटी डॉलरचा करार केला. घासकामाचा पदार्थ गाडीचा पल्ला वाढवू लागला. क्रीने दिव्यांचा व्यवसाय विकून टाकला, २०२१ मध्ये 'वुल्फस्पीड' हे नाव घेतले आणि न्यूयॉर्क राज्यात अवाढव्य कारखाना उभारला. या टप्प्यावर ही कथा थांबवून दुसरीकडे वळू.

१७/ दुसरी कथा उष्णता अडवण्याची. १९३१ मध्ये सॅम्युअल किस्लर यांनी एरोजेल बनवले. जेलमधील द्रव काढून टाकायचा, पण सांगाडा कोसळू द्यायचा नाही. उरतो तो बहुतांश हवेचाच बनलेला घनपदार्थ. त्याच्याइतका उत्तम उष्णतारोधक क्वचित सापडतो. परंतु तो बोटाच्या दाबानेही चुरा व्हावा इतका ठिसूळ असे. त्यामुळे दीर्घकाळ एरोजेल बहुतांशी प्रयोगशाळेतील नवल होऊन राहिले.

१८/ नासाच्या केनेडी अवकाश केंद्रातील जेम्स फेसमायर यांच्यापुढे उणे २५३ अंशांवरचा द्रवरूप हायड्रोजन नळ्यांतून नेण्याचा प्रश्न होता. त्यांना गुंडाळता येईल असे एरोजेल हवे होते. १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील 'अॅस्पेन सिस्टिम्स' या छोट्या कंपनीला एसबीआयआरचे काम मिळाले. ओले जेल तंतूंच्या जाळीत मुरवून मग सुकवायचे, ही युक्ती फळाला आली. ठिसूळ पदार्थाची चादर झाली. २००१ मध्ये त्यासाठीच 'अॅस्पेन एरोजेल्स' ही स्वतंत्र कंपनी निघाली.

१९/ अवकाशासाठी विणलेली ही चादर प्रथम तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि समुद्रतळावरील नळांच्या अंगावर चढली. मग विजेरी गाड्या आल्या. लिथियम बॅटरीतील एक सेल बिघडून तापला, तर त्याची आच शेजाऱ्याला पेटवते आणि साखळी सुरू होते. सेलांच्या मधोमध एरोजेलचा पातळ पडदा घातला की ती साखळी तुटते वा लांबते. जनरल मोटर्ससारखी कंपनी या पडद्याची ग्राहक झाली.

२०/ तिसरी कथा बॅटरीचीच. टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी या भारतीय संशोधकाच्या सहभागाने १९९० च्या दशकात लिथियम-लोह-फॉस्फेटचे गुण प्रकाशात आले. हा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित, पण विजेचा वाहक म्हणून मंद. एमआयटीचे येट-मिंग च्यांग यांनी त्याची वाहकता वाढवण्याचा मार्ग शोधला आणि २००१ मध्ये सहकाऱ्यांसह 'ए१२३ सिस्टिम्स' काढली. आरंभीच तिला ऊर्जा खात्याकडून १ लाख डॉलर मिळाले. पहिल्या टप्प्याची तेव्हाची मर्यादा नेमकी तेवढीच होती.

२१/ काही वर्षांतच ब्लॅक अँड डेकरच्या हातयंत्रांत तिच्या बॅटऱ्या दिसू लागल्या. २००९ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्याच वर्षी मंदीवरील उपाय म्हणून ओबामा सरकारने तिला मिशिगनमध्ये कारखाने उभारण्यासाठी सुमारे २४.९ कोटी डॉलरचे अनुदान जाहीर केले. कारखाने उभे राहिले. विजेरी गाड्यांचे ग्राहक मात्र त्या वेगाने आले नाहीत. मार्च २०१२ मध्ये फिस्कर गाड्यांतील सदोष बॅटऱ्या बदलून देण्याची वेळ आली. ऑक्टोबरमध्ये ए१२३ दिवाळखोरीत गेली.

२२/ लिलावात तिचा मुख्य व्यवसाय वानशियांग या चिनी कंपनीने घेतला. अमेरिकेत त्यावर मोठा गदारोळ झाला. त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली : च्यांग यांचा अंदाज चुकला नव्हता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनुसार २०२४ मध्ये जगातील विजेरी गाड्यांच्या बॅटऱ्यांत लिथियम-लोह-फॉस्फेटचा वाटा जवळपास निम्मा होता. त्या बॅटऱ्यांचे उत्पादन प्रामुख्याने चीनमध्ये होते. १ लाख डॉलरने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले. पीक मात्र दुसऱ्याच्या खळ्यात गेले.

२३/ आता थांबवलेल्या कथांकडे. वुल्फस्पीडला ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने ७५ कोटी डॉलरपर्यंतच्या साहाय्याचा प्राथमिक प्रस्ताव दिला. तो पैसा हाती येण्यापूर्वीच कर्जाचा बोजा, मंदावलेली मागणी आणि चिनी स्पर्धा यांनी तिला गाठले. ३० जून २०२५ रोजी तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला आणि कर्जाची पुनर्रचना करून सप्टेंबरमध्ये ती बाहेर आली. अॅस्पेनला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, जॉर्जियातील कारखान्यासाठी ६७.०६ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची सशर्त हमी मिळाली. २०२५ च्या आरंभी तिने त्या कारखान्याचे बांधकामच थांबवले.

२४/ तिन्ही कथांचा आराखडा एक आहे. छोटा पैसा प्रयोगशाळेत यशस्वी झाला. मोठा पैसा, मिळालेला वा नुसता कबूल केलेला, कारखान्याच्या दारात तोकडा पडला. यावरून 'सरकारने उद्योगात पडूच नये' असे म्हणणारे आहेत, तसेच 'सरकारने फार कमी केले' असे म्हणणारेही आहेत. तीन उदाहरणांवरून असा वाद मिटत नाही. त्यासाठी शेकडो कंपन्यांची नोंद पाहावी लागते, आणि अशी नोंद अभ्यासकांनी पाहिली आहे.

२५/ अर्थतज्ज्ञ जॉश लर्नर यांनी १९९९ मध्ये दाखवले की अनुदान मिळालेल्या कंपन्या अधिक वाढल्या, पण जेथे खासगी भांडवल मुळात खेळते होते अशाच भागांत. स्कॉट वॉलस्टेन यांनी २००० मध्ये उलट बाजू मांडली : सरकारी पैसा आला की कंपन्या स्वतःचा संशोधनखर्च तेवढाच कमी करतात. बाजारात काहीही न आणता अनुदानामागून अनुदान मिळवत राहणाऱ्या कंपन्यांवर 'अनुदानाच्या गिरण्या' अशी टीका झाली, आणि ती निराधार नव्हती.

२६/ सर्वांत बोलका अभ्यास सब्रीना हॉवेल यांचा, २०१७ चा. ऊर्जा खात्याचे अधिकारी अर्जदारांना क्रम लावत. हॉवेल यांनी रेषेच्या किंचित वर राहून अनुदान मिळवणाऱ्या आणि किंचित खाली राहून हुकलेल्या कंपन्यांची तुलना केली. पहिल्या टप्प्याच्या अनुदानाने पुढे खासगी भांडवल मिळण्याची शक्यता सुमारे दुप्पट झाली होती. दुसऱ्या टप्प्याच्या कितीतरी मोठ्या रकमेचा असा परिणाम दिसला नाही. हॉवेल यांच्या मते सरकारी शिक्क्याने विशेष फरक पडला नसावा. फरक पडला तो त्या पैशातून घडलेल्या नमुन्याने.

२७/ टिबेट्स यांनी चाळीस वर्षे आधी बांधलेला अंदाज आकड्यांत असा उतरला. तरी या योजनेचे स्वतःचे आयुष्य कायम मुदतीचेच राहिले. कायदा ठरावीक वर्षांसाठी असतो आणि काँग्रेसने तो पुन्हा संमत करावा लागतो. २००८ ते २०११ या काळात त्याला एकामागून एक अशा १४ अल्पमुदती मिळाल्या. ३० सप्टेंबर २०२५ रोजी तर नूतनीकरण न होताच मुदत संपली. वीस वर्षांच्या संशोधनाला महिन्यांच्या हिशेबाने जगवायचे, हा या व्यवस्थेचा जुना दुबळेपणा.

२८/ भारतातही ही कल्पना पोहोचली आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'स्मॉल बिझनेस इनोव्हेशन रिसर्च इनिशिएटिव्ह'चे नावच आपले कूळ सांगते. २०१८ पासून संरक्षण क्षेत्रात 'आयडेक्स' योजना नवउद्योगांना अनुदान देते. अशा योजनांचे मोजमाप किती कोटी वाटले यावर करण्याचा मोह होतो. अमेरिकी इतिहास दुसरे दोन प्रश्न विचारायला शिकवतो : पहिला पैसा किती लवकर पोहोचला, आणि नमुना चालल्यावर पहिला ग्राहक कोण झाला.

२९/ दुसरा प्रश्न अधिक अवघड. टिबेट्स यांनी तिसऱ्या टप्प्यासमोर शून्य लिहिले, कारण तेथे बाजार येईल असा त्यांचा विश्वास होता. उपग्रह आणि पाणबुड्यांच्या बाबतीत सरकार स्वतःच ग्राहक होते, म्हणून ते शून्य खपून गेले. गाड्यांच्या बाबतीत ग्राहक उशिरा आले आणि तोवर दुसऱ्या देशाने कारखाने उभे करून ठेवले होते. स्फटिक, चादर आणि बॅटरी तिन्ही आज रस्त्यावर धावत आहेत. त्यांना पहिला धनादेश देणारा देश अजूनही त्या तिसऱ्या रकान्यात काय लिहावे, याचा विचार करतो आहे.

(धागा समाप्त)